ल्युपस असलेल्या मुलाचं पोट बिघडलं, तर या चुका टाळा

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती शरीराच्याच अवयवांवर उलटते. सांधे, चेहऱ्यावरचे चट्टे, लघवीतलं प्रोटीन यांवर घरच्यांचं बारीक लक्ष असतं. पोट दुखलं की मात्र "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून सोडून दिलं जातं. अशा मुलाचं पोट साधारण तीन कारणांनी बिघडतं: खुद्द ल्युपस, त्याची औषधं आणि जंतुसंसर्ग. तिन्हींचे उपाय वेगवेगळे, कधीकधी एकमेकांच्या अगदी उलट. आतड्याच्या रक्तवाहिन्यांना सूज असेल तर स्टिरॉइड वाढवावं लागतं, संसर्ग असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो. म्हणून घरी बसून अंदाजाने ठरवू नका.

"गोळ्यांनीच पोट बिघडलं" म्हणून गोळ्या बंद करणं

सगळ्यात घातक चूक हीच. काही आठवडे प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. अशात गोळी अचानक थांबली तर उलट्या, ग्लानी, रक्तदाब उतरणं असा धोका जिवावर बेततो. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर परत द्यायची का, हे डॉक्टरांना लगेच फोन करून विचारा. दुसरी गोळीही उलटून पडली तर वाट पाहू नका, स्टिरॉइड इंजेक्शनने द्यावं लागतं. एरवी ही गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्यावी. रिकाम्या पोटी चहाबरोबर दिली की मूल जळजळीची तक्रार करतं.

ल्युपसच्या इतर गोळ्यांपैकी मायकोफिनोलेटने जुलाब आणि मळमळ होते, हायड्रॉक्सिक्लोरोक्विननेही पोट ढवळतं. मायकोफिनोलेटचा डोस विभागून देता येतो, त्याचा दुसरा प्रकारही मिळतो. पण हे तज्ज्ञांनीच ठरवायचं. पित्तासाठी अँटासिड देत असाल तर मायकोफिनोलेटपासून किमान दोन तास आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपासून चार तास दूर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

पोटदुखीवर मेडिकलमधून वेदनाशामक आणणं

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं स्टिरॉइडबरोबर गेली की जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो, आणि मूत्रपिंडावर आधीच सूज असेल तर ते आणखी बिघडतं. सल्फाची जुलाबाची गोळीही तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. काही ल्युपस रुग्णांना तिची ॲलर्जी होते, आजारही उसळतो. रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या तर अजिबात देऊ नका.

"ताप नाही, पोट मऊ आहे" म्हणून निश्चिंत होणं

स्टिरॉइड ताप दाबतं आणि पोटाचा कडकपणाही लपवतं. आतडं फाटलं असलं तरी मूल जेमतेम कण्हत असू शकतं, त्यामुळे वरून साधं दिसणारं पोट आतून गंभीर असू शकतं. कळा वाढत जाणं, हिरवी उलटी, पोट फुगून गॅस न सरणं, रक्ताची किंवा डांबरासारखी शी, वरच्या पोटातून पाठीकडे जाणारी कळ (ही स्वादुपिंडाची सूज असू शकते) यांतलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, म्हणून ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन, रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाची सूज दाखवतं) आणि सी3, सी4 (ल्युपस उसळला का ते सांगणारी प्रोटीन) या तपासण्यांतून कारण उलगडतं. नुसत्या विडाल तपासणीवर टायफॉइड ठरवून अँटिबायोटिक सुरू करणं इथे महागात पडतं. आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) घ्यायला हवं.

पाय सुजले, पापण्या सुजल्या की सगळे लघवीच तपासतात. लघवीत प्रोटीन नाही, तरी रक्तातलं अल्ब्युमिन (एक मुख्य प्रोटीन) घसरलेलं आहे, असं असेल तर प्रोटीन आतड्यातून गळत असण्याची शक्यता डॉक्टरांशी बोला.

तोंड न पाहणं

मूल जेवत नाही म्हणून ओरडण्याआधी टॉर्च घेऊन टाळू पाहा. ल्युपसचे फोड टाळूवर येतात आणि बरेचदा दुखतच नाहीत, म्हणून मूल सांगत नाही. आपल्याकडे त्याला उष्णता म्हणून बी-कॉम्प्लेक्स दिलं जातं. दह्यासारखा पांढरा थर असेल, पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, तर ती स्टिरॉइडमुळे होणारी बुरशी. तिचं औषध वेगळं.

भूक लागावी म्हणून टॉनिक आणि काढे

अल्फाल्फाचं टॉनिक नको. अल्फाल्फा म्हणजे आपल्या शिवारात गाईम्हशींना घालतात तो लसूणघास. त्याच्या बिया आणि मोडांतल्या कॅनाव्हनिनमुळे ल्युपस उसळू शकतो. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढेही टाळा. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.

जेवण साधंच असावं: मऊ ज्वारीची भाकरी, वरण, कमी मिठाचं ताजं ताक. तोंडात फोड असताना ठेचा बाजूला. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या सूज वाढवतात. टँकरचं पाणी एक मिनिट खळखळून उकळून गार करा. उसाचा रस आणि बर्फगोळा नकोच.

ओआरएस अंदाजाने बनवणं

मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाइतक्या पाण्यात, पूर्ण एकदम. चिमूटचिमूट घालून ग्लासात हलवलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. उलटी होत असेल तर चमच्याने थोडं थोडं द्या. मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन असेल तर किती द्यायचं ते आधी विचारून ठेवा.

वहीचं एक पान करा: शी किती वेळा, रंग कसा, कळ कुठे, ताप किती, कोणती गोळी पोटात टिकली. शीचा मोबाइलवर फोटो काढा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जायचं असेल तर 108 ला फोन करा. फाइल आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि अपघात विभागात पहिल्याच वाक्यात सांगा: "ल्युपस आहे, प्रेडनिसोलोन इतके मिलिग्रॅम, इतक्या महिन्यांपासून, शेवटचा डोस अमुक वाजता."