घरी शिकवणार असाल तर आधी राज्य बघा

अमेरिकेत मुलांना घरी शिकवायला कायद्याने परवानगी आहे का, असं नवीन आलेली मंडळी नेहमी विचारतात. आहे, पन्नासही राज्यांत. पण देशभराचा एक नियम नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यामधली डेलावेअर नदी ओलांडून पलीकडे घर घेतलं तरी सगळं बदलतं, आणि हे आम्हाला उशिरा कळलं.

न्यू जर्सीत असताना आम्ही कुणालाच काही कळवलं नव्हतं. ६ ते १६ वर्षांच्या मुलाला शाळेच्या तोडीचं शिक्षण मिळावं, एवढंच तिथला कायदा म्हणतो. अर्ज नाही, परीक्षा नाही. मूल आधी शाळेत जात असेल तर मात्र नाव काढत असल्याचं पत्र द्या, नाहीतर गैरहजेरी लागत राहते. टेक्सासही असंच मोकळं.

पेनसिल्व्हेनियात आल्यावर आम्ही जुन्याच सवयीने शिकवत राहिलो आणि वर्षाच्या मध्यात कागदांसाठी धावपळ झाली. इथे शिकवायला सुरुवात करण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, सुपरिंटेंडंटकडे (प्रमुखाकडे) अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, पुढे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत. सोबत विषयवार आराखडा आणि लसीकरणाची नोंद. शिकवणाऱ्या पालकाचं हायस्कूल किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण झालेलं हवं. वर्षाला १८० दिवस, किंवा प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास. तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित चाचणी.

खरी मेहनत पोर्टफोलिओची, म्हणजे मुलाच्या वर्षभराच्या कामाच्या फाइलची. मुलाने वाचलेल्या पुस्तकांची नावं त्या त्या वेळी वहीत लिहायची, वर्षभराच्या कामाचे नमुने जपायचे. रविवारी बसून महिन्याभराचं आठवायला गेलात तर अर्धं निसटतं, म्हणून आमची वही जेवणाच्या टेबलावरच असते. आजीने वाचून दाखवलेली मराठी पुस्तकंही तिच्यात आहेत. वर्षाअखेरीस पात्र इव्हॅल्युएटर (मूल्यमापन करणारा) ती फाइल बघतो, मुलाशी बोलतो आणि प्रमाणपत्र देतो. ते ३० जूनपर्यंत डिस्ट्रिक्टला पोचलं पाहिजे. मुलाशी आपुलकीने बोलणारा इव्हॅल्युएटर शोधा, घाई करू नका. आमच्या मुलीने त्या तासाभरात जे सांगितलं, ते आम्हालाही नवीन होतं.

न्यूयॉर्क याहून कडक आहे: आधी सूचनापत्र, मग वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल.

लसीकरणाचं कार्ड भारतात राहिलं असेल तर आजच घरच्यांना फोन करा. आमचं पुण्याच्या कपाटात होतं आणि सगळं त्यापायीच अडलं होतं.