अंगाचा वास : आपला ओळखायचा कसा, दुसऱ्याला सांगायचा कसा

लिफ्टमध्ये कुणीतरी शिरतं, दार बंद होतं, आणि त्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच आपण त्याच्याबद्दल मत बनवून मोकळे. आळशी असेल, अंघोळीचा कंटाळा असेल, याला घरी कुणी सांगत कसं नाही वगैरे वगैरे. बिचारा कदाचित उशीर झाला म्हणून धावत आलेला असतो. आणि गंमत म्हणजे त्याच लिफ्टमध्ये आपल्यामुळे कोण श्वास रोखून उभं आहे ते आपल्याला कधीच कळत नाही. मी काही डॉक्टर नाही, पण एकदा एका मित्राने मला बाजूला घेऊन "जॅकेट धू रे बाबा" असं सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून या विषयावर दिसेल ते वाचत आलोय. त्यातलं जे कामाचं वाटलं ते इथे टाकतोय.

आधी स्वतःचा वास पकडा. मान वळवून काखेत हुंगणं ही सगळ्यात बेकार पद्धत, कारण नाक सतत येणाऱ्या वासाला थोड्याच वेळात सरावतं आणि मग मेंदू त्याची दखलच घेत नाही. त्यापेक्षा दिवसभर घातलेला शर्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, अंघोळ करा, बाहेर मोकळ्या हवेत एक चक्कर मारून या आणि मग पिशवी उघडून काखेचा भाग आणि कॉलर हुंगा. जो भपकारा येईल तो साधारण तुमच्या शेजारी बसणाऱ्याला येतो. तरी खात्री नसेल तर घरातल्या एखाद्या फटकळ माणसाला विचारा, पण "मला वास येतो का" असं नाही, त्याचं उत्तर कायम "छे, काहीतरीच काय" हेच येतं. "काल जास्त येत होता का आज?" असं विचारा. या प्रश्नाला माणूस पटकन खरं बोलून जातो.

आता उपाय, पण त्याआधी हे डोक्यात ठेवा की घामाला मुळात फारसा वासच नसतो. अंगावर साधारण 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी असतात, त्यातल्या बहुतेक नुसतं खारट पाणी सोडून अंग थंड ठेवतात. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात, ज्या वयात आल्यावर सुरू होतात, त्यांचा घाम जरा तेलकट, आणि त्यावर कातडीवरचे बॅक्टेरिया ताव मारून जे मागे ठेवतात त्याचा तो दर्प. म्हणजे घामावर सेंट मारणं म्हणजे कचरा न काढता उदबत्ती लावणं झालं. काख साबणाने नीट चोळून धुवा, पूर्ण कोरडी करा, आणि डिओ आणि अँटीपर्स्पिरंट यातला फरक बघून घ्या. डिओ वास झाकतो, फार तर थोडे बॅक्टेरिया कमी करतो. अँटीपर्स्पिरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार घामाची वाटच तात्पुरती बुजवतात, आणि ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलं तर जास्त चालतं, सकाळी घाईत घामेजल्या अंगावर फासलं की निम्मं वाया. इतकं करूनही भागत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना बेंझॉइल पेरॉक्साइडच्या वॉशबद्दल विचारा, फक्त त्याने रंगीत टॉवेलवर पांढरे डाग पडतात हे आधीच सांगून ठेवतो.

आणि कपडे! इथे बहुतेक लोक फसतात, मीही फसलो. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात 26 जणांना सायकलिंगचा जोरदार व्यायाम करायला लावला, त्यांचे टीशर्ट 28 तास तसेच ठेवले आणि मग हुंगायला दिले. 2014 साली हे छापून आलं. पॉलिस्टरचे टीशर्ट सुतीपेक्षा जास्त घाण वासाचे निघाले, कारण वास करणारे काही बॅक्टेरिया पॉलिस्टरवर मजेत वाढतात. तेव्हा जिमचे कपडे बॅगेत कोंबून ठेवू नका, लगेच उलटे करून धुवा, आणि अर्धवट ओला शर्ट तर घालूच नका.

एक आगाऊ गोष्ट. काही लोकांच्या काखेला जन्मजातच वास जवळपास नसतो. एबीसीसी11 नावाचं एक जनुक आहे, त्याचा एक प्रकार अंगात असला की कानातला मळ चिकट न होता कोरडा होतो आणि काखेचा वासही नावापुरता उरतो. पूर्व आशियात असे लोक भरपूर. तेव्हा "मला वास येत नाही कारण मी स्वच्छ राहतो" म्हणणाऱ्यांनी आधी आपला कान बघावा.

परफ्यूम घ्यायचंच असेल तर दुसऱ्याच्या अंगावर छान वाटलं म्हणून घेऊ नका. स्वतःच्या मनगटावर लावा, तासभर थांबा, मग ठरवा. प्रागच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं की माणसाने स्वतः निवडलेलं परफ्यूम त्याच्या अंगाच्या वासात मिसळून जास्त छान लागतं, दुसऱ्याने हातात दिलेलं तितकं नाही. फेरोमोनवाल्या, म्हणजे समोरच्याला नकळत ओढून घेणारं रसायन आत असल्याचं सांगणाऱ्या बाटल्यांवर मात्र एक पैसा घालवू नका, माणसात असा एकही फेरोमोन आजवर पक्का सिद्ध झालेला नाही. बाकी वासाचा खरा फायदा भलतीकडेच आहे. ब्रिटनमध्ये 2009 साली काही पुरुषांना सुगंधी डिओ दिला, काहींना बिनवासाचा, आणि त्यांचे आवाज बंद केलेले व्हिडिओ बायकांना दाखवले. व्हिडिओला कसला आलाय वास, तरी सुगंधी डिओवाले जास्त आकर्षक वाटले, नुसत्या फोटोत मात्र फरक नव्हता. म्हणजे बदलला होता तो त्यांचा वावर. आपल्या अंगाला बरा वास येतोय एवढं माहीत असलं की माणूस खांदे सैल सोडून बसतो, हे मी स्वतःवरही बघितलंय.

आता जरा अवघड भाग, आपल्याच नाकाला आवर घालणं. नाक निष्पक्ष नसतं हो. ब्रिटनमध्येच 2016 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना घामट टीशर्ट हुंगायला दिले, तर आपल्याच विद्यापीठाचा लोगो असेल तेव्हा किळस कमी, हात धुवायला पळायची घाईही कमी. 2006 मध्ये आयांना डब्यात ठेवलेले बाळांचे लंगोट हुंगायला लावले होते, त्यात आपल्या बाळाच्या शीचा वास दुसऱ्याच्या बाळापेक्षा कमी घाण वाटला, आणि डब्यावरची नावं बदलली तरी. म्हणजे "शी, काय वास मारतो" यात थोडा भाग वासाचा आणि बराचसा "हा आपल्यातला नाही" याचा असतो. म्हाताऱ्या माणसांच्या वासाबद्दल पण असंच, 2012 मध्ये नुसत्या काखेच्या पॅडवरून वास जोखायला लावले तेव्हा वृद्धांचा वास मध्यमवयीन लोकांपेक्षा सौम्य आणि कमी नकोसा ठरला. म्हातारपणाला नाक मुरडतो ते आपण डोळ्यांनी.

म्हणून कुणाची मुलाखत घेताना, घरात भाडेकरू ठेवताना, टीममध्ये नवीन माणूस आला की, वास नाकात गेला तर मनातल्या मनात एकदा विचारा, हाच वास माझ्या भावाच्या अंगाला आला असता तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक "दमून आलाय" एवढंच. मग खिडकी उघडा, जरा अंतर घ्या, आणि निर्णय त्या खोलीतून बाहेर पडल्यावर घ्या.

दुसऱ्याला सांगायचं कसं, यावर लोक सगळ्यात जास्त अडतात. सूचक बोलणं, वाढदिवसाला डिओ देणं, टेबलावर चिठ्ठी, ग्रुपवर स्वच्छतेचे मेसेज, हे सगळं बंद करा, यातून वास जात नाही, फक्त अपमान होतो. एकानेच सांगायचं, एकट्याला गाठून, शक्यतो दिवस संपताना म्हणजे त्याला उरलेला दिवस अंग चोरून बसावं लागणार नाही. "एक सांगू का, राग मानू नकोस. दोनतीन दिवस झाले शर्टाला घामाचा वास येतोय, नीट वाळत नसेल बहुतेक. मला कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं म्हणून सांगतोय." बास. दोष शर्टावर ढकला, "सगळे म्हणतायत" हे चुकूनही बोलू नका, आणि लगेच दुसरा विषय काढा. तो म्हणाला की औषधं चालू आहेत किंवा काही आजार आहे, तर तिथेच थांबा.

डॉक्टरकडे कधी? वास अचानक बदलला तर. अंगाला माशासारखा वास येत राहिला तर, तो एक खरोखरचा आजार आहे. डायबिटीस असलेल्याच्या श्वासाला गोडसर, फळासारखा वास यायला लागला आणि उलट्या किंवा धाप असेल तर लगेच दवाखाना गाठा. आणि घरचे सगळे शपथेवर नाही म्हणतायत तरी समोरच्याने नाकाला हात लावला की तो आपल्यामुळेच असं वाटत असेल, त्या भीतीने बाहेर जाणं बंद झालं असेल, तर साबण बदलून उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, हा ओळखला गेलेला त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत.

कुणी तुम्हालाच सांगितलं तर "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि विषय संपवा. मी तेव्हा अर्धा तास खुलासे देत बसलो होतो, जॅकेट नवीन आहे, कालच धुतलं, वगैरे. नंतर ते तीनदा धुतलं, उन्हात टांगलं, शेवटी टाकून दिलं. पॉलिस्टरचं होतं.