तळ्यात जाळं टाकून मासे काढायची परवानगी कशी घ्यायची

तळ्याचा गाळ काढायचाय, किंवा मासे फार झालेत म्हणून थोडे दुसरीकडे सोडायचेत, आणि तळं आपलंच आहे मग परवानगी कशाला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण गळ टाकून बसणं वेगळं आणि जाळं ओढून एका दिवसात तळं रिकामं करणं वेगळं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी लेखी परवानगी लागतेच.

आधी मालकीचं बघा. जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचं आणि मासेमारीचा हक्क तिसऱ्याचाच असं होऊ शकतं, तेव्हा सगळ्यांच्या सह्या घेऊनच मत्स्य खात्याकडे जा.

अर्जात नकाशा, तारखा, कोण काढणार, माशांची कुठली जात, अंदाजे किती, जाळ्याचा प्रकार, लांबी, आस (म्हणजे जाळ्याचं भोक) किती मिलिमीटरची, सगळं लिहा, नुसतं 'मासे काढणे' लिहिलं की प्रश्न विचारत बसतात. मासे जिवंत हवे असतील तर गिल नेट नकोच, कल्ल्यात अडकून मरतात. ओढायचं जाळं घ्या, तेही बिनगाठीचं, कारण गाठींनी खवले निघतात आणि जखमेवर बुरशी धरते. करंट देऊन पकडायचे असतील तर ते अर्जात वेगळं सांगा, त्याचे नियम जास्त कडक असतात.

खरी गोम पुढे आहे. पकडायची परवानगी मिळाली म्हणजे दुसऱ्या पाण्यात सोडायची मिळाली असं नाही, ती बहुधा वेगळी काढावी लागते आणि लोक नेमकं हेच विसरतात, मग मासे टाकीत आणि कागद टेबलावर! कार्प माशांना रोग लावणारा कोई हर्पीस व्हायरस घ्या, वरून ठणठणीत दिसणारा मासाही तो घेऊन फिरतो, म्हणून आधी तपासणी मागतात. पकडायची आणि सोडायची, दोन्ही परवानग्यांची कामं एकदमच सुरू करा.

तारीख मागताना विणीचा काळ सोडा, आणि कडक उन्हाळाही. 10 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात, त्यात जाळ्यात कोंबलेले मासे तडफडणार. शेवाळ माजलेल्या तळ्यात तर अगदी पहाटेही नको, वनस्पतींनी रात्रभर ऑक्सिजन खाल्लेला असतो.

काम झाल्यावर जाळं धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर एका तळ्यातली कीड दुसऱ्यात जाते. आणि किती मासे निघाले, किती मेले तो हिशोब मागितला असेल तर वेळेत द्या, एकही नाही मिळाला तरी शून्य लिहून द्या.