सागरी लढायांवर बोलताय? मग या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की नाशिकच्या शाळा-कॉलेजांत नौदल दिनाच्या भाषणांची तयारी सुरू होते. मुलं मन लावून वाचतात, पाठांतरही चोख असतं. तरी बरीचशी भाषणं एकाच ठिकाणी अडतात. कोणतं जहाज कसं पेटलं, किती बुडाली, इथपर्यंत सगळं रंगतं. पण ‘मग त्या युद्धाचं पुढे काय झालं?’ असं विचारलं की उत्तर नसतं. देवळालीच्या तोफांचा सराव ऐकत वाढलेल्या आपल्या गावाला जमिनीवरची लढाई लगेच उमगते. गड पडला, मुलूख आला. समुद्रावर मुलूख हाती येत नाही. तिथे वाट मोकळी होते किंवा बंद होते, आणि त्याचा परिणाम किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, कधी कधी महिन्यांनी दिसतो. पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

बुडालेली जहाजं मोजून निकाल लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धातली जटलंडची लढाई. ३१ मे १९१६ ला उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारं भिडली. ब्रिटनची १४ जहाजं गेली, जर्मनीची ११. ब्रिटनचे सहा हजारांवर खलाशी मेले, जर्मनीचे अडीच हजारांच्या आसपास. आकड्यांवर जर्मनी जिंकली. पण उत्तर समुद्राच्या तोंडावर ब्रिटनने घातलेली नाकेबंदी तसूभरही हलली नाही. त्याच वर्षी जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं आणि हिवाळ्यात गुरांना घालायचे कंद माणसांनी खाल्ले. जर्मन ॲडमिरल शेअरने लढाईनंतर सुमारे महिन्याभराने कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, कळवलं, की ब्रिटनला नमवायचं तर पाणबुड्यांनी त्यांच्या व्यापारावरच घाव घालावा लागेल. फेब्रुवारी १९१७ मध्ये पाणबुड्या मोकाट सुटल्या आणि एप्रिलमध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. ‘जटलंडनंतर जर्मन आरमार पुन्हा बाहेरच पडलं नाही’ हे वाक्यही खोडा. ऑगस्ट १९१६ मध्येच ते पुन्हा बाहेर पडलं होतं. नाकेबंदी मात्र त्याला कधीच फोडता आली नाही.

भाषण लिहिताना प्रत्येक लढाईपुढे एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे लिहा: यानंतर कोणाचा माल, कोणाचं सैन्य, कोणाचं तेल समुद्रावरून जात राहिलं? ती ओळ भरता आली नाही, तर वाचन अजून पुरं झालेलं नाही.

एका लढाईवर सगळं युद्ध लादणं

‘ट्रफाल्गरने इंग्लंडवरची स्वारी थांबवली’ असं सर्रास म्हटलं जातं. इंग्लंडने फ्रान्स आणि स्पेनच्या आरमाराला हरवलेल्या या लढाईची तारीख २१ ऑक्टोबर १८०५. नेपोलियनने इंग्लिश खाडीकाठचं सैन्य ऑगस्टअखेरीसच ऑस्ट्रियाकडे वळवलं होतं, आणि ट्रफाल्गरच्या आदल्याच दिवशी जर्मनीतल्या उल्मला ऑस्ट्रियन फौज त्याला शरणही आली होती. त्यानंतरही युद्ध १८१५ पर्यंत चाललं. ट्रफाल्गरमुळे इंग्लंडच्या समुद्रावरच्या सत्तेला पुढे आव्हान उरलं नाही, हे खरं. तेवढंच म्हणा.

१९७१ म्हणजे फक्त कराची

४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ते असायलाच हवं. किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेल्या, कमी पल्ल्याच्या नौका इतक्या दूर नेणं हे मोठं धाडस होतं, आणि त्यांनी खैबर व मुहाफिज या पाकिस्तानी नौका बुडवल्या. ८ डिसेंबरच्या रात्री विनाशने पुन्हा कराची गाठून केमारीच्या तेलटाक्या पेटवल्या.

पण भाषण इथेच संपतं आणि बंगालच्या उपसागराचं नावही निघत नाही. बॉयलरला तडा गेल्यामुळे आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेला पूर्ण वेग घेता येत नव्हता, तरी तिची विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर घाव घालत राहिली. पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेला समुद्रावरून कुमक येईना, पळून जायलाही वाट उरेना. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली ती भूदलाच्या धडकेमुळे. पण पाठीमागचं दार नौदलाने लावलेलं होतं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, ती कशामुळे याबद्दल भारत आणि पाकिस्तानचे दावे वेगळे आहेत. एकच दावा ठोकून सांगू नका. आणि कृपा करून आपल्या खुकरी या युद्धनौकेला गाळू नका. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. विजयाच्या भाषणात त्यांचं नाव घेतल्याने विजय कमी होत नाही.

नाशिकला समुद्राशी काय देणंघेणं?

हे ज्यांना वाटतं त्यांनी द्राक्ष बागायतदारांशी बोलावं. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. पुढच्याच हंगामात युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांचे प्रवासाचे दिवस वाढले, कंटेनरचं भाडं चढलं. सातवाहन आणि क्षत्रपांच्या झगड्यातही हेच घडत होतं. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की कल्याण बंदराची कोंडी झाली असून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. भडोच क्षत्रप राजा नहपानाचं. त्याच नहपानाची हजारो नाणी १९०६ मध्ये आपल्या जोगलटेंभीत सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला आहे.

मराठी आरमाराला युरोपची फूटपट्टी लावणं

‘आपल्याकडे मोठी जहाजंच नव्हती’ असं म्हणणाऱ्यांनी खांदेरी वाचावी. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर तुटून पडलं. त्यात डव्ह हे इंग्रजी जहाज मराठ्यांनी पकडलं, पण रिव्हेंज तोफा डागत टिकलं आणि दौलतखानाला मागे फिरावं लागलं. जहाजं मोजणारा इथे इंग्रजांच्या नावावर विजय लिहील. मात्र इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावर अवलंबून होती, आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या मराठी होड्या उथळ पाण्यातून रात्री सामान पोचवतच राहिल्या. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला. खांदेरी महाराजांकडे राहिली.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ‘१७५६ ला मराठ्यांचं आरमार संपलं’. त्या वर्षी विजयदुर्गावर पेशव्यांच्या संगनमताने इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. हा घाव फार खोल होता, आणि तो आपल्याच मदतीने बसला हे लपवायचं कारण नाही. पण त्याच विजयदुर्गावरून पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप समुद्रावर उतरत राहिले, आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं रेंजर हे जहाज लढून पकडलं.