जुनी क्रूझिंग सेलबोट विकत घेताना या चुका टाळा

फायबरग्लासच्या जुन्या क्रूझिंग बोटींचा, म्हणजे लांबच्या सफरींच्या शिडाच्या बोटींचा, हल (बोटीचे मुख्य कवच) टिकतो, यात वाद नाही. कार्ल आल्बर्ग यांच्या आराखड्यावरची पिअर्सन ट्रायटन १९५९ साली बाजारात आली आणि डेव्हिड सॅडलर यांची काँटेसा ३२ ही १९७० च्या दशकाच्या आरंभी. दोन्ही प्रकारच्या बोटी आजही समुद्रावर दिसतात. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीत वादळाने ३०३ बोटींच्या ताफ्याची दाणादाण उडवली, तेव्हा सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट काँटेसा ३२ होती. हा इतिहास वाचून नवा ग्राहक असे धरून चालतो की नावाजलेली बोट निवडली म्हणजे निम्मे काम झाले. प्रत्यक्षात ४०-५० वर्षांत हलपेक्षा हलला जोडलेल्या गोष्टी आधी थकतात: डेकमधले लाकूड, डोलकाठीच्या तारा, त्या तारांना धरणाऱ्या पट्ट्या, पाण्याखालच्या झडपा, सुकाणूचा दांडा. बोट पाहायला आलेल्या माणसाची नजर मात्र केबिनमधल्या पॉलिश केलेल्या लाकडावर खिळलेली असते. मी अनेकांबरोबर अशा बोटी पाहायला जातो आणि हे दृश्य इतक्या वेळा पाहिले आहे की आता ते सविस्तर लिहिणेच बरे.

डेक न ठोकता बोट पसंत करणे

त्या काळातल्या बहुतेक बोटींचा हल भरीव फायबरग्लासचा असला, तरी डेक तसा नसतो. फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बाल्साचे हलके लाकूड, अशी त्याची रचना असते. कोरडा असेपर्यंत असा डेक हलका आणि कमालीचा ताठ राहतो. पण कठड्याचे खांब, क्लीट (दोर बांधायचे खुंट), विंच (दोर ओढायची चक्रे), हॅचच्या (डेकवरच्या झाकणांच्या) चौकटी हे सगळे डेकला भोके पाडून बोल्टने बसवलेले असते आणि त्या भोकांमधले सीलंट काही वर्षांत सुटते. मग प्रत्येक पावसाचे थोडे थोडे पाणी लाकडात उतरते आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते. वरचा थर चकचकीत दिसत राहतो आणि आतले लाकूड कुजून तपकिरी लगदा होते.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी १९७० च्या दशकातली अशीच एक बोट मनात पक्की केली होती. डेकवर नवा खरखरीत रंग होता, केबिनमधले वार्निश आरशासारखे होते आणि दुसरा ग्राहक दोन दिवसांत येणार असल्याचे मध्यस्थाने त्यांच्या कानावर घातले होते. मी डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. कडेला आवाज खणखणीत येत होता, पण डोलकाठीच्या भोवती आणि कठड्याच्या खांबांपाशी तो बद्द झाला. त्या बोटीची डोलकाठी डेकवरच उभी होती, म्हणजे तिचा सगळा दाब डेकमधून केबिनमधल्या आधाराच्या खांबावर जात होता. खाली उतरून पाहिले, तर डोलकाठीखालच्या शौचालयाच्या दाराची वरची कड रंध्याने तासलेली होती आणि तेवढ्याच भागावर वार्निश नव्हते. आधीच्या कुणा मालकाने दार अडकू लागल्यावर ते तासून घेतले होते. डोलकाठीखालचा डेक दबत होता, त्याबरोबर दाराची चौकट खाली येत होती आणि उपाय मात्र दारावर झाला होता.

हे मी त्या गृहस्थांना दाखवले. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासून घ्या, असे पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांना घाई होती; सर्व्हेचा खर्च वाचवून तो पैसा नव्या शिडात घालू, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढच्या हंगामात डोलकाठीच्या तारा ताणल्या की दार पुन्हा अडकू लागले, आणि एके दिवशी कठड्याच्या एका खांबाची बैठक पायाखाली चक्क खचली. कारागिराने डेकचा वरचा थर कापला, तेव्हा आतले लाकूड ओंजळीत घेऊन पिळता येत होते. ओले लाकूड काढणे, कड सुकवणे, नवा गाभा इपॉक्सीत (कडक होणाऱ्या चिकट रसायनात) बसवणे, त्यावर फायबरग्लासचे थर चढवणे आणि डोलकाठीखाली भरीव बैठक करणे यात अख्खा हंगाम गेला, आणि खर्च बोटीच्या किमतीच्या वर गेला. डेकचे हे काम अवघड नाही, पण त्याला वेळ आणि श्रम फार लागतात आणि त्यातला कोणताही टप्पा टाळता येत नाही.

म्हणून किमतीचा विषय निघण्याआधी मी संपूर्ण डेक ठोकून पाहतो आणि बद्द आवाजाच्या जागी मास्किंग टेपचे तुकडे चिकटवतो. विक्रेत्यासमोर ते तुकडे दिसले की बोलणे आपोआप मुद्द्यावर येते. आर्द्रता मोजणारे यंत्र उपयोगी आहे, मात्र पावसानंतर ओल्या पृष्ठभागावर किंवा नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या हलवर त्याचे आकडे फसवे येतात. त्यामुळे कानाने जे ऐकले त्याला जोड म्हणूनच ते वापरावे. डेकला वरून बारीक भोके पाडून आत इपॉक्सी सोडण्याचा उपाय काही जण सुचवतात. मला तो अजिबात मान्य नाही. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. ते भोकापुरते घट्ट होते आणि सड बाजूने पसरतच राहते. गाभा कोरडा निघाला, तरी घेतलेल्या बोटीवरची प्रत्येक वस्तू एकदा काढावी, भोक मोठे करून त्यात घट्टसर इपॉक्सी भरावे, ते कडक झाल्यावर पुन्हा छिद्र पाडावे आणि मगच सीलंट लावून वस्तू बसवावी. यानंतर सीलंट कधी सुटले, तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. मी यासाठी ब्यूटाइल टेप वापरतो, कारण तो वर्षानुवर्षे मऊ राहतो.

सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेला डेक असेल, तर हे सगळे कितीतरी पटींनी वाढते, कारण तिथे प्रत्येक स्क्रू गाभ्यात उतरणारे एक भोक असते. सागाच्या रूपावर भाळून अशी बोट घेणाऱ्याने डेकची पट्टी न् पट्टी तपासलीच पाहिजे.

चेनप्लेट बाहेरून पाहून समाधान मानणे

डोलकाठीच्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या चेनप्लेट. स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज इथे सर्वांत धोक्याचा ठरतो. त्या धातूवरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. चेनप्लेट डेकमधून जिथे आरपार जाते, तिथे साचलेले पाणी असते आणि हवा नसते, म्हणून नेमक्या त्याच इंच-दीड इंचात फटींचा गंज धातू पोखरतो. वर आणि खाली पट्टी लखलखीत दिसते, आणि एका जोराच्या झुळकीत ती त्या अदृश्य जागी तुटून डोलकाठी कोसळू शकते. केबिनमध्ये चेनप्लेटखालच्या लाकडावर तपकिरी ओघळ असतील, तर तेवढी खूण मला पुरेशी वाटते. विक्रेत्याची परवानगी घेऊन ओघळ असलेल्या बाजूची निदान एक पट्टी काढून भिंगाखाली पाहावी. काही बोटींत चेनप्लेट हलच्या फायबरग्लासमध्येच गाडलेल्या असतात. त्या तपासता येत नाहीत, म्हणून त्या बदलण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा धरावा.

तारांच्या बाबतीत माझा नियम कठोर आहे. पावती नसेल, तर तार जुनी. साधारण १० ते १५ वर्षांत उभ्या तारा बदलाव्यात असे मानले जाते आणि अनेक विमा कंपन्याही वय विचारतात. तार बहुधा खालच्या टोकाच्या जोडापाशी तुटते, कारण पाणी तारेवरून ओघळत त्याच जोडात साचते. कापूस किंवा कागदी रुमाल तारेवरून फिरवावा. तुटलेला धागा त्यात अडकतो. उघड्या हाताने हे करू नये. "अजून एक हंगाम निघेल," हे वाक्य मला नवशिक्यांकडून सतत ऐकू येते आणि त्याचा मला खरोखर त्रास होतो, कारण डोलकाठी पडते तेव्हा तिच्याखाली माणसे असतात.

फोडांना घाबरणे आणि कील विसरणे

हलच्या पाण्याखालच्या भागावर आलेले फोड पाहून चांगल्या बोटी नाकारल्या जातात. व्हॅलियंट ४० या बोटीच्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही हलना अग्निरोधक रेझिनमुळे फार मोठे फोड आले, आणि त्या कथेची भीती सगळ्याच जुन्या बोटींना चिकटली. विखुरलेले लहान फोड हा बहुतेक वेळा देखभालीचा विषय असतो, मजबुतीचा नव्हे. त्यापेक्षा कील (हलच्या तळाला बसवलेला जड पंख) आणि हल यांच्या सांध्यावर नजर ठेवावी. पुढच्या बाजूला उघडलेली चीर, गंजाचे ओघळ, किंवा कीलच्या मागच्या टोकाच्या वर आतल्या आडव्या आधारांना गेलेले तडे दिसले, तर बोट कधीतरी खडकावर जोरात आदळलेली असण्याची शक्यता आहे. हे बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय कळत नाही. त्याच वेळी सुकाणूही पाहावे. बोट वर काढून काही दिवस झाले, तरी त्याच्या तळातून पाणी ठिबकत असेल, तर आतला फोम भिजला आहे आणि दांड्याला जोडलेल्या पट्ट्या गंजण्याची भीती आहे.

बाकीचे थोडक्यात

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे. पोहोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावावा आणि ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी यावे. धूर निळा असेल तर तेल जळते आहे, काळा असेल तर इंजिनावर बोजा जास्त आहे किंवा हवा कमी पडते आहे. व्होल्वोचा सेलड्राइव्ह (हलच्या तळातून खाली उतरून पंखा फिरवणारा इंजिनाचा भाग) असेल, तर त्याच्या रबरी पडद्याची पावती मागावी. कंपनी तो दर ७ वर्षांनी बदलायला सांगते. पाण्याखालची प्रत्येक झडप हाताने फिरली पाहिजे. पितळ गुलाबी पडले असेल तर त्यातले जस्त निघून गेले आहे आणि ती झडप बदलायलाच हवी. इंधनाची टाकी इंजिन न काढता बाहेर येते का, तेही विचारावे. नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रे पाहून जादा किंमत देऊ नये, कारण ती काही वर्षांत जुनी होतात.

सर्व्हेअर स्वतः निवडावा, मध्यस्थाने सुचवलेला घेऊ नये, आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहावे. अहवालात न लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी तो तोंडी सांगतो. चाचणीच्या फेरीत शिडे चढवून बोट चांगली कलू द्यावी आणि त्या अवस्थेत केबिनमध्ये जाऊन दारे, कपाटे, खण उघडून पाहावेत.

कागदपत्रांबाबत एवढेच, की बोटीवरची काही थकलेली देणी मालकाबरोबर न जाता बोटीबरोबर जातात. गोदीचे थकलेले भाडे किंवा दुरुस्तीचे न दिलेले बिल नव्या मालकाच्या माथी येऊ शकते. हलवर कोरलेला क्रमांक नोंदणीच्या कागदाशी स्वतः ताडून पाहावा, बोटीवर कर्ज किंवा बोजा नसल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि सर्व्हे व चाचणी समाधानकारक झाल्यासच व्यवहार बांधील राहील, नाहीतर बयाणा परत मिळेल, ही अट बयाण्याच्या कागदावरच लिहून घ्यावी.