ट्यूनाची पिल्लं हॅचरीत टिकत नाहीत? खाण्यातल्या या चुका टाळा

जिताड्याच्या हॅचरीत, म्हणजे अंड्यातून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, काम केलेल्यांना पिल्लांचं जिवंत सूक्ष्म खाद्य, म्हणजे रोटिफर आणि आर्टेमिया, तोंडपाठ असतात. त्याच हिशेबाने ब्लूफिन ट्यूना वाढवायला गेलं की गणित फसतं. जपानच्या किंदाई विद्यापीठाने हे काम १९७० मध्ये हाती घेतलं. बंदिस्त जागेत ब्लूफिनचं जीवनचक्र पूर्ण व्हायला २००२ उजाडलं.

सगळ्यात महागात पडते ती मासे खायला द्यायला उशीर करण्याची चूक. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ३ मिमीचं. दोन-तीन दिवसांनी तोंड उघडतं तेव्हा रोटिफर पुरतात. पण साधारण दोन आठवड्यांत त्याला दुसऱ्या माशांची नुकतीच जन्मलेली, पोटाशी बलक असलेली पिल्लं लागतात. आर्टेमियावरच रेटलं तर बरीचशी खुरटतात, थोडी पुढे जातात आणि मागे राहिलेल्यांना गिळतात. टाकीतली संख्या घटते, पण तळाशी तेवढी मेलेली सापडत नाहीत, हे याचं लक्षण. अनेकजण इथे औषध शोधत बसतात. खरा उपाय म्हणजे बलकवाली पिल्लं वेळेवर आणि सगळ्यांना पुरतील इतकी देणं. त्यासाठी रेड सी ब्रीमसारख्या माशांची अंडी त्याच सुमाराला मिळतील अशी तजवीज आधीच हवी. ऐन वेळी शोधाशोध म्हणजे वरात दारात आल्यावर तांदूळ निवडायला बसणं.

दुसरा गैरसमज असा, की नॅनोक्लोरोप्सिसचं हिरवं पाणी केलं म्हणजे रोटिफर पौष्टिक झाले. ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं. या शेवाळात ईपीए भरपूर असतं, डीएचए जवळपास नसतंच, आणि मेंदू-डोळ्यांच्या वाढीला नेमकं तेच लागतं. रोटिफरमध्ये टॉरिन हे पोषकद्रव्यही फार कमी. ते वेगळं चढवलं, म्हणजे आधी रोटिफरलाच खाऊ घातलं, तर पिल्लं चांगली वाढतात. आर्टेमियाला डीएचए पाजलं तरी तिच्या शरीरात त्याचं बरंचसं ईपीए होतं. म्हणून सकाळी एकदाच ढीगभर ओतू नका. ताजं पोषण चढवलेलं खाद्य थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्या.

पण रोटिफरला डीएचए चढवायला जे तेल वापरतात, त्याचा अतिरेकही नको. रोटिफर नीट न धुता टाकले की पाण्यावर तवंग येतो. पिल्लांना वाताशय (तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी) फुगवायला वर येऊन हवा गिळावी लागते, ती तवंगामुळे मिळत नाही. मग रात्री पोहणं मंदावलं की ती बुडतात आणि सकाळी तळाशी मेलेली दिसतात. ‘अशक्त आहेत’ म्हणून आणखी तेल चढवणं म्हणजे आगीत तेलच! तवंग काढणारी चौकट लावा. सुरुवातीला पिल्लं पृष्ठभागाला चिकटून मरू नयेत म्हणून काही ठिकाणी मुद्दाम तेलाचा पातळ थर देतात. तोही वेळेवर काढावा लागतो.

पुढे बारीक केलेला मासा देताना पाणी खराब होतं, तेव्हा उरलेलं लगेच काढा. गोळीखाद्यावर आणताना साध्या फिशमीलचं (माशांच्या भुकटीचं) खाद्य लहान ट्यूनाला नीट पचत नाही. विकरांनी (एन्झाइमनी) आधी थोडं पचवलेलं फिशमील वापरलेलं निवडा.