जुन्या छायाचित्रांतून आधुनिक वास्तुकला पाहताना या चुका टाळा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील जर्मन घरांची कृष्णधवल छायाचित्रे पाहताना हमखास होणारी चूक म्हणजे ती घरे पांढरीशुभ्र होती असे गृहीत धरणे. वास्तुकार ब्रुनो टाउट यांनी १९२५ पासून बर्लिनमध्ये उभारलेल्या, घोड्याच्या नालासारख्या वळणाच्या वसाहतीत गडद लाल, निळ्या आणि पिवळ्या भिंती होत्या. वास्तुकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींतील घरांसाठी १९२६ मध्ये आखलेले छोटे स्वयंपाकघर तर अनेक घरांत निळसर-हिरवे रंगवलेले होते, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. शिवाय त्या काळच्या, लाल प्रकाश न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक छायाचित्र-काचेवर निळा रंग फिकट उमटे आणि लाल जवळजवळ काळा. त्यामुळे छायाचित्रातले काळे दार प्रत्यक्षात लाल असू शकते. अशा चित्रात ॲपने रंग भरून घेऊ नयेत. मूळ छटा ठाऊक नसताना ते अंदाजाने काहीतरी ठोकून देते. जीर्णोद्धाराच्या वेळी रंगाचे थर खरवडून केलेल्या नोंदी मिळाल्या, तर त्यांवर विसंबावे.

इमारतीचे वर्ष तेच छायाचित्राचे वर्ष, असेही मानू नये. वास्तुकार मीस व्हॅन डेर रोहे यांचा बार्सिलोना पॅव्हेलियन, म्हणजे जर्मनीचे प्रदर्शन-दालन, १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला, १९३० मध्ये पाडला गेला आणि १९८३ ते १९८६ या काळात त्याच जागी पुन्हा बांधला गेला. त्याचे झळझळीत रंगीत छायाचित्र '१९२९' म्हणून फिरताना दिसले, तर ते नव्या बांधकामाचे आहे हे ओळखावे.

अशा चित्रांवरून रोजच्या जगण्याचा अंदाज बांधणे मात्र खरोखर अवघड आहे. फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराच्या चित्रांत ॲल्युमिनियमचे, ओतायला चोच असलेले छोटे खण ओळीने चकाकतात. पण सुमारे १.९ मीटर रुंदीच्या त्या खोलीत दुसरे माणूस मदतीला आले की होणारी अडचण रिकाम्या ओट्याच्या चित्रात दिसणार तरी कशी?

श्रेय देतानाही वास्तुकाराचे नाव लिहून थांबू नये. जर्मनीतील देसाऊच्या बाउहाउस या कला-वास्तुकला शाळेच्या इमारतीची गाजलेली छायाचित्रे लुसिया मोहोली यांची आहेत. १९३३ मध्ये जर्मनी सोडताना त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह मागे राहिल्या, पुढे त्या त्या इमारतीचे वास्तुकार वाल्टर ग्रोपिउस यांच्याकडे गेल्या आणि वर्षानुवर्षे छायाचित्रे लुसियांच्या नावाविना छापली जात राहिली. काही निगेटिव्ह परत मिळवण्यासाठी त्यांना १९५० च्या दशकात वकिलाची मदत घ्यावी लागली.